मध्यगासंपात

अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात आणि वेरूळची मंगळवारी. या दोन सुट्ट्या चुकवून त्यात लोणारही बसवायचं, तर सहल आखणारा माणूस भूमितीचा निवृत्त शिक्षक असावा लागतो. आमचे दाजी आहेत. त्यांनी नकाशावर लोणार, वेरूळ आणि अजिंठा हे तीन बिंदू जोडले, तिन्ही मध्यगा काढल्या आणि त्या जिथे भेटल्या तिथे, म्हणजे भोकरदन तालुक्यात, ‘निसर्गाच्या कुशीतलं’ एक हॉटेल बुक करून टाकलं. रविवारी लोणार, सोमवारी वेरूळ, मंगळवारी अजिंठा. रोज बॅगा भरायला नकोत, एकाच खोलीवर मुक्काम. कागदावर हे इतकं देखणं दिसत होतं की आत्यासुद्धा काही बोलली नाही. जे सगळ्यांच्या मध्ये असतं ते कशाच्याच जवळ नसतं, हे प्रमेय नववीच्या पुस्तकात नाही.

हॉटेल शोधताना मोबाइलमधली बाई आम्हाला ‘उजवीकडे वळा’ म्हणत सरळ कपाशीत घेऊन गेली आणि तिथे नेटवर्कसकट निघून गेली. बांधावरच्या आजोबांनी हात लांब करून सांगितलं, “हे काय, इथंच तर आहे.” एवढ्या लांब हात केला की अंतर जास्त असतं, हे दाजींनी नंतर गुणोत्तर मांडून दाखवलं.

फाटक उघडायला जो दादा आला, त्यानेच रजिस्टर पुढे केलं, बॅगा उचलल्या आणि मग कमरेला टॉवेल गुंडाळून मेन्यूकार्ड आणलं. कार्ड अकरा पानांचं. चिरंजीवांनी पनीर अंगारा मागितला.

“आहे ना. पण पनीर भोकरदनहून आणावं लागतं.”

“मग आणा की.”

“उद्या बाजार आहे.”

“आत्ता काय मिळेल?”

“शेवभाजी.”

शेवभाजी फर्मास होती, याबद्दल वाद नाही. वर लाल तर्री, सोबत चुलीवरची बाजरीची भाकरी आणि डोळ्यांतून पाणी काढणारा ठेचा. अशी भाजी शहरात शंभर रुपये जास्त देऊनही मिळत नाही. फक्त ती दुसऱ्या दिवशीही होती. आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ‘आज जरा वेगळं करा’ असं ताईने गोड बोलून सांगितल्यावर त्याने तीत अंडं सोडलं.

जाहिरातीत ‘नीरव शांतता’ असं लिहिलं होतं. दिवसा ती होतीही, पण दिवसा आम्ही नव्हतो. शेतीपंपांची वीज त्या आठवड्यात रात्रपाळीला होती, आणि विहिरीवरची मोटार आमच्या खिडकीपासून हाताच्या अंतरावर. रात्री वीज आली की मोटार कण्हत सुरू व्हायची, पाइपातून पाणी धडधडायचं, ते बघून कुत्री भुंकायची, कुत्र्यांना बघायला दाजी बाहेर जायचे आणि दाजींना बघून कुत्री आणखी भुंकायची. फोनला रेंज फक्त गच्चीवरच्या टाकीला टेकून उभं राहिलं तरच. सौभाग्यवतींनी तिथूनच सगळ्यांना दिवाळीच्या शुभेच्छा दिल्या, कानाला मफलर बांधून.

आंघोळीला एक बंब. त्याचं पाणी तापेपर्यंत सूर्य वर येई, आणि सूर्य वर आला की दाजींचं वेळापत्रक कोलमडे. लोणारला पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. जवळजवळ दोन किलोमीटर रुंदीचं, उल्केने बेसॉल्टमध्ये पाडलेलं ते भोक काठावरून पाहिलं. जगात अशी विवरं मोजकीच आहेत. २०२०च्या जूनमध्ये इथलं पाणी गुलाबी झालं होतं, तेव्हा सगळ्या देशाने फोटो पाहिले. आत्या बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “ही उल्का बरी. आली ती थेट इथेच पडली. मध्ये मुक्काम नाही केला.” सरोवरापर्यंत खाली उतरायचं राहिलंच, कारण अंधारापूर्वी मध्यगासंपात गाठायचा होता.

वेरूळला तर कैलास मंदिराची कमालच. अख्खा डोंगर कळसापासून पायाकडे कोरत आणलेला. आम्हीही ते तसंच पाहिलं, वरून सुरुवात करून. पायाशी असलेल्या हत्तींपर्यंत येतो न येतो तोच दाजी घड्याळ दाखवू लागले. बाकीची तेहतीस लेणी गाडीच्या काचेतून.

अजिंठ्याला मात्र निवांत वेळ मिळाला, कारण तिथून पुढे परत घरीच जायचं होतं. गाडी फर्दापूरच्या फाट्यावर लावून एसटीच्या बसने वर गेलो. १८१९ साली जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी वाघाच्या मागे फिरताना इथे येऊन ठेपला, असं गाइड सांगत होता. दहाव्या लेण्यात त्याने स्वतःचं नावही कोरून ठेवलंय. तेवढ्यात आत्या बाराव्या लेण्यात शिरली आणि तिथल्या एका खोलीत दगडी ओट्यावर टेकली. भिक्षूंच्या झोपायच्या जागा त्या. प्रत्येक खोलीत दोन ओटे. पावसाळ्याचे तीन महिने भिक्षू अशा विहारांतच मुक्काम करत, असं दाजी सांगू लागले.

आत्याने ओट्यावर हात फिरवला. “आपल्या खोलीतल्या गादीपेक्षा मऊ आहे,” ती म्हणाली.

दाजींचं लक्ष नव्हतं. त्यांनी खिशातून नकाशा काढला होता. “पुढच्या वेळी पितळखोरा, दौलताबाद आणि पैठण घेऊ. त्रिकोण जरा निमुळता येतोय, पण मध्ये एक छान जागा दिसतेय.”

ताईने नकाशा त्यांच्या हातातून घेतला, त्याची नीट घडी घातली आणि पर्समध्ये टाकली.