पाहुण्यांना थंडीतच बोलवा

भारतातून कुणी येणार म्हटलं की इथल्या आमच्या मराठी मंडळींचं एकच पालुपद असतं. "मे-जूनमध्ये बोलव गं. थंडीत म्हाताऱ्या माणसांना कुठे फिरवणार?" म्युनिकला आल्यापासून मीही हेच म्हणत आले. जानेवारीच्या शेवटच्या शनिवार-रविवारी मावशी-काकांना घेऊन व्हिएन्नाला जाऊन आले आणि आता मत साफ बदललंय. शिव्या घालायच्या तर खाली कमेंटमध्ये घाला, पण आधी पूर्ण वाचा.

मावशी सांगलीची, सहासष्ट वर्षांची, एक गुडघा कुरकुरणारा. काका एसटीत वाहतूक नियंत्रक होते, निवृत्त होऊन बारा वर्षं झाली. मुलाच्या लग्नाच्या गडबडीत त्यांचं उन्हाळ्यात येणं हुकलं आणि व्हिसा मिळाला तो थेट जानेवारीचा. मी घाबरलेच होते.

उन्हाळ्यातल्या सहलीचा अनुभव आहे ना! आदल्या वर्षी जूनमध्ये सासू-सासरे आले होते. रात्री नऊपर्यंत उजेड. उजेड आहे म्हणजे फिरलंच पाहिजे, असा आपला हिशेब. दिवसाला वीस-वीस हजार पावलं झाली, सासूबाईंच्या पायांना सूज आली, आणि फोटोत सगळे गॉगल लावून हसतायत. दुपारी चार वाजता "आता बसूया" म्हणायची त्यांची हिंमत झाली नाही, कारण आम्ही सुट्टी काढली होती, तिकिटं काढली होती. पाहुण्यांना आपल्या खर्चाचं दडपण येतं हे मला फार उशिरा कळलं.

तरी याही वेळी मी यादी केलीच होती. म्युनिकहून रेल्वेनं चार तास, म्हणजे शनिवारी सकाळी निघून अकरापर्यंत पोचायचं, मग श्योनब्रुन राजवाडा, सेंट स्टीफन कॅथेड्रल, मोठं पाळणाचक्र, संध्याकाळी आणखी काहीतरी. गाडीत भडंगाची पुडी फोडता फोडता मी काकांना यादी वाचून दाखवली. राजवाड्यात 1,441 खोल्या आहेत म्हटल्यावर मावशीनं विचारलं, "झाडतं कोण?" कॅथेड्रलच्या दक्षिण मनोऱ्याला 343 पायऱ्या आहेत म्हटल्यावर काका म्हणाले, "पर्वतीला 103 आहेत. तिथंही मी खालीच बसतो."

स्टेशनबाहेर पडलो आणि वाऱ्यानं यादीचा निकाल लावला. व्हिएन्नाचा जानेवारीतला वारा हाडात शिरतो. वर बर्फाचा पत्ता नाही. मावशीची पहिली तक्रार हीच, "बर्फ कुठाय? शेजारच्या वहिनींना काय दाखवू?" थंडी आहे म्हणजे बर्फ असणारच असं नाही, हे येणाऱ्या प्रत्येकाला आधीच सांगून ठेवा. साडेचार-पावणेपाचला सूर्य मावळणार होता. म्हणजे हातात उजेडाचे जेमतेम पाच तास. मी राजवाडा काढून टाकला. मनोरा मावशीनंच काढला. कॅथेड्रलच्या छपरावरची रंगीत कौलांची नागमोडी नक्षी तिनं खालूनच, कानटोपी सावरत पाहिली आणि "पैठणीचा काठ" असा शेरा मारून मोकळी झाली.

मग संग्रहालयात गेलो, खरं सांगायचं तर ऊब मिळावी म्हणून. कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियम, म्हणजे कलेच्या इतिहासाचं संग्रहालय, 1891 साली उघडलं. समोर तंतोतंत जुळ्या भावासारखी निसर्गविज्ञान संग्रहालयाची इमारत आणि मध्ये महाराणी मारिया तेरेसाचा पुतळा. कोट-स्वेटर-मफलर सगळं जमा करून हलकं होऊन आत शिरल्यावर मावशीचा गुडघासुद्धा बोलायचा थांबला. जुना चित्रकार पीटर ब्रुगेल, त्याच्या चित्रांचा जगातला सर्वांत मोठा संग्रह इथे आहे. त्यातलं 1565 सालचं 'बर्फातले शिकारी' हे चित्र मी आधी दोनदा पाहिलं होतं. पाहिलं म्हणजे, समोरून गेले होते. मावशी त्याच्यासमोर बसली ती उठेचना. शिकारी आणि कुत्री, सगळे मान खाली घालून डोंगर उतरतायत, खाली गोठलेल्या तळ्यावर माणसं खेळतायत. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "तिघं गेले, एवढी कुत्री नेली, आणि मिळाला तो एक कोल्हा. म्हणून माना खाली आहेत." मी वाकून पाहिलं. खरंच, एकाच्या पाठीवर एकच मरतुकडा कोल्हा लटकतोय. मला तो कधी दिसलाच नव्हता. डावीकडे खाणावळीची पाटी एका कडीवर लोंबकळतेय, तीही तिनंच दाखवली. "आणि बघ, बर्फ मिळाला," असंही वर म्हणाली.

जूनमध्ये आम्ही त्या दालनात पाच मिनिटं थांबलो असतो.

संध्याकाळ कॉफीहाउसात. सगळे फोटो टाकतात त्या प्रसिद्ध कॅफेबाहेर बोचऱ्या थंडीत रांग होती. तिथून आम्ही सरळ मागच्या गल्लीतल्या एका साध्या, जुन्या कॉफीहाउसात शिरलो. संगमरवरी टेबलं, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, लाकडी दांडीला अडकवलेली वर्तमानपत्रं. व्हिएन्नाच्या या कॉफीहाउस संस्कृतीची 2011 साली ऑस्ट्रियाच्या अमूर्त वारशाच्या यादीत नोंद झालीय. त्यातली खरी गंमत अशी की एक कॉफी मागवा आणि कितीही वेळ बसा, उठवायला कुणी येत नाही. मावशीनं सवयीनं युरोचे रुपये केले आणि तिचा चेहरा पडला. काकांनी घड्याळ पाहिलं. "अडीच तास बसलोय. बसायचं भाडं धर. स्वस्त आहे." एसटीचा माणूस!

कॉफीबरोबर छोट्या तबकात पाण्याचा ग्लास येतो, न मागता. ते पाणी नळाचंच असतं. 1873 पासून आल्प्सच्या झऱ्यांचं पाणी नळानं या शहरात येतं, आणि पंपाशिवाय, नुसत्या उतारानं. 1910 मध्ये दुसरी जलवाहिनी आली. हे मी सांगितलं मात्र, काका-मावशींची जी चर्चा जुंपली! कृष्णाकाठी जन्म गेला आणि घरात मात्र फिल्टर, दर पावसाळ्यात पुराची धास्ती, एवढ्या उतारावरून आलेल्या पाण्याला जोर किती असेल, मध्ये गळती किती. मग त्यातून आजोबांच्या विहिरीची गोष्ट निघाली. माझी आई लहानपणी त्या विहिरीत पडली होती आणि मावशीनं आरडाओरडा करून माणसं जमवली होती. सत्तेचाळीस वर्षांची झाले, मला हे ठाऊक नव्हतं. आईनं कधी सांगितलं नाही. म्हणे आजोबांच्या भीतीनं दोघींनी शपथ घेतली होती, आणि ती मावशीनं त्या दिवशी मेलांजचा, म्हणजे इथल्या दुधाच्या कॉफीचा, दुसरा कप घेताना मोडली.

वेटर चांगला साठीचा, काळ्या कोटातला, चेहऱ्यावर सुरकुतीइतकंसुद्धा हसू नाही. निघताना मावशीनं पर्समधून तिळगूळ काढून त्याच्या हातावर ठेवला. रथसप्तमीपर्यंत चालतो म्हणे. मी लाजून मरणार होते. त्यानं तो तिथंच तोंडात टाकला आणि मावशीला वाकून नमस्कार केला. तोही गंभीर चेहऱ्यानंच.

आता रविवार. दुकानं बंद, हे जर्मनीत राहणाऱ्यांना नवीन नाही. पण पाहुण्यांना "काहीतरी न्यायचं" असतं, ते शनिवारीच सहाच्या आत उरका. आणि राहायला स्वयंपाकघर असलेली जागा घ्या. इकडच्या हॉटेलांत बऱ्याचदा पाणी गरम करायची किटलीसुद्धा नसते, आणि सकाळी सहाला चहा नाही म्हणजे आपल्या माणसांचा दिवस गेला.

काकांना ट्रामनं वेड लावलं होतं. पूर्वी शहराला तट होता, तो पाडून 1865 मध्ये त्या जागी रिंग हा रुंद रस्ता खुला झाला, आणि तिथून ट्राम जातात. काका थांब्यावर उभे राहून पाटीवरची मिनिटं आणि मनगटावरचं घड्याळ ताडून पाहत होते. 2012 साली इथे वर्षाचा पास 365 युरोंचा केला आणि पुढे बरीच वर्षं तोच दर ठेवला, हे ऐकून त्यांनी "आणि डेपो चालतो?" एवढंच विचारलं. मग मी चुकून 71 नंबरच्या ट्रामची गोष्ट सांगितली. ती मध्यवर्ती दफनभूमीला जाते, म्हणून कुणी वारलं की व्हिएन्नाचे लोक म्हणतात, त्यानं 71 पकडली. झालं! काकांना 71 नंबरनंच जायचं होतं.

"सहलीला येऊन स्मशानात?" मावशी कडाडली. पण आली. 1874 मध्ये सुरू झालेली ही जागा, शहराची आजची वस्ती वीस लाखांच्या आसपास आणि इथे पुरलेले तीस लाखांच्या घरात. बेथोव्हेन, शुबर्ट, ब्राम्स हे संगीतकार एकमेकांच्या शेजारी. मोत्सार्टचं नुसतं स्मारक, तो पुरलाय दुसरीकडे. धुकं, निष्पर्ण झाडं, कावळे, आम्ही तिघं. काका एरवी गप्प असणारे, तिथं त्यांनी डेपोतल्या गेलेल्या मित्रांची नावं एकेक करून घेतली. मी मध्ये बोलले नाही. बाहेर आल्यावर मावशीला अंघोळ हवी होती. खोली तर सकाळीच सोडलेली. शेवटी फाटकापाशी बाटलीतलं पाणी तिनं आमच्या दोघांच्या डोक्यावर शिंपडलं, शून्य अंशाला.

परतीच्या गाडीत माझी जिरली. निघताना मी ठामपणे म्हटलं होतं, "पासपोर्ट कशाला? शेंगेन आहे, सीमेवर कोण विचारतंय?" जर्मनीनं 2015 पासून ऑस्ट्रियाच्या सीमेवर तपासणी पुन्हा सुरू केलीय, हे मला माहीत असून मी विसरले होते. सीमेवरचं साल्झबर्ग सुटलं आणि दोन पोलीस डब्यात चढले. माझ्या पोटात गोळा. काकांनी शांतपणे स्वेटरच्या आत, शर्टच्या आत, बनियनच्या चोरखिशात हात घातला. दोन पासपोर्ट, विम्याचे कागद, माझं आमंत्रणपत्र, सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत रबर लावून.

पोलीस पुढे गेल्यावर काका माझ्याकडे वळून म्हणाले, "चेकर कुठं चढंल सांगता येत नाही, पोरी."