दुसरा सीझन आणि अप्पांची हरकत

अप्पांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ते सासूबाईंसह सहा आठवड्यांसाठी आमच्या कोथरूडच्या फ्लॅटवर मुक्कामाला आले. कारण सरळ होतं. शनिवार पेठेतल्या त्यांच्या घराला जिना आहे आणि आमच्या सोसायटीला लिफ्ट. अप्पा म्हणजे माझे सासरे. शिवाजीनगर कोर्टात ३८ वर्षं फौजदारी वकिली केलेले. काळा कोट खुंटीला लागून सात वर्षं झाली, पण उतरला तो फक्त अंगावरून. मेथीची जुडी घेतानासुद्धा "म्हणजे तुमचं म्हणणं असं, की ही आज सकाळीच तोडलेली आहे?" असं विचारतात. भाजीवाला फितूर होतो आणि दहा रुपये कमी करतो.

नेमका त्याच सुमारास आम्ही नवराबायकोने 'ब्रॉडचर्च' या ब्रिटिश मालिकेचा दुसरा सीझन बघायला घेतला होता. पहिला २०१३ सालचा, तो आम्ही आधीच संपवला होता. डॉर्सेटचा समुद्रकिनारा, पिवळाधमक उभा कडा, त्याच्या पायथ्याशी डॅनी नावाच्या अकरा वर्षांच्या मुलाचं प्रेत, आणि तपासाला दोन पोलिस: कायम पोटात दुखत असल्यासारखा चेहरा केलेला ॲलेक हार्डी (डेव्हिड टेनंट) आणि गावातलीच एली मिलर (ऑलिव्हिया कोलमन). आठ भाग आम्ही प्रत्येकावर संशय घेतला. मी तर चर्चच्या पाद्र्यावर शंभर रुपये लावले होते. खुनी कोण ते आता पुढच्याच वाक्यात येणार आहे, तेव्हा ज्यांना ऐकायचं नसेल त्यांनी चहा टाकायला उठावं. खुनी निघतो एलीचा स्वतःचा नवरा, ज्यो. तो गुन्हा कबूलही करतो. संपलं.

संपलं असं आम्हाला वाटलं. २०१५ च्या दुसऱ्या सीझनमध्ये हा गृहस्थ कोर्टात उभा राहून 'गुन्हा कबूल नाही' म्हणतो. इथून खटला सुरू. आणि नेमक्या याच क्षणी वॉकर ठकठक करत अप्पा हॉलमध्ये आले.

"काय लावलंय?"

बायकोने थोडक्यात सांगितलं. अप्पांनी एकच प्रश्न विचारला, "कबुली दिली कोणापुढे?"

"पोलिसांपुढे."

"मग शून्य. एव्हिडन्स ॲक्ट, कलम २५. नव्या कायद्यात कलम २३. चालू करा."

आम्ही हसलो. दुसऱ्या भागात इंग्लंडच्या न्यायाधीशबाईंनीही ती कबुली पुराव्यातून काढून टाकली. कारण वेगळं होतं. एलीने चौकशीच्या खोलीत शिरून नवऱ्याला तुडवलं होतं, त्यामुळे कबुली मारून घेतली असं म्हणायला बचावपक्षाला वाव मिळाला. अप्पांनी पाय उशीवर नीट ठेवला आणि म्हणाले, "निर्णय बरोबर, कारणमीमांसा कच्ची." त्या दिवसापासून रोज रात्री साडेनऊला आमच्या हॉलमध्ये कोर्ट भरू लागलं.

पहिली मोठी हरकत प्रेत उकरण्यावर. बचावपक्षाच्या मागणीवरून डॅनीचं पुरलेलं शव बाहेर काढतात आणि आईबापांना पत्ताही नसतो. आमच्या घशात आवंढा. अप्पा कडाडले, "थांबवा! तहसीलदार कुठाय?"

"अप्पा, इंग्लंडमध्ये तहसीलदार नसतो."

"मग पंच? पंचनामा कोण करतंय? की नुसतं खोरं घेतलं आणि निघाले?"

रिमोट माझ्या हातात होता, पण थांबवायचा अधिकार त्यांच्याकडे होता. पंचेचाळीस मिनिटांचा भाग पावणेदोन तास चालायचा. चार्ज कधी फ्रेम झाला? एवढ्यात खटला बोर्डावर आला कसा? एकदाही पुढची तारीख कशी पडली नाही? या शेवटच्या प्रश्नात कायद्यापेक्षा असूया जास्त होती. ज्यांची साक्ष अजून व्हायची आहे ती माणसं प्रेक्षकांत बसून दुसऱ्यांच्या साक्षी ऐकतात, हे पाहून तर त्यांनी वॉकरच आपटला. "बाहेर काढा त्यांना! शिपाई काय करतोय?" सासूबाई मटार सोलत शांतपणे म्हणाल्या, "ते केसांचे टोप घालून उन्हाळ्यात काय करत असतील हो?" या हरकतीचं उत्तर कोणाकडेच नव्हतं.

खरं सांगायचं तर अप्पांचं चुकत नव्हतं. ही मालिका लागली तेव्हा खुद्द तिकडच्या वकिलांनीही कोर्टातल्या कारभारावर अशीच ओरड केली होती. बायकोने मोबाइलवर ते वाचून दाखवलं, तर अप्पांना इतकं भरून आलं, जणू लंडनच्या बारने त्यांना मानद सदस्यत्व दिलंय.

दुसरा दोष मात्र अप्पांच्या अखत्यारीत नव्हता, तो आम्ही आमच्या बळावर शोधला. तो म्हणजे सँडब्रुक. हार्डीच्या आयुष्यातलं एक जुनं, न सुटलेलं प्रकरण. पहिल्या सीझनमध्ये ते भाजीतल्या हिंगासारखं होतं, असल्याचं नुसतं कळायचं. दुसऱ्यात त्याचीच भाजी केली. दोन मुली, एक संशयित, त्याची बायको, शेजारी, शेजाऱ्याची बायको, वाळवलेली निळी फुलं आणि प्रत्येक जण अर्धंच वाक्य बोलून खिडकीबाहेर बघणार. कोण कोणाचं कोण हे मी बायकोला तीनदा समजावलं आणि तिन्ही वेळा वेगळं समजावलं. सँडब्रुक सुरू झालं की सासूबाई कुकर लावायला उठायच्या. तीन शिट्ट्या झाल्या की परत यायच्या आणि त्यांचं काहीही चुकलेलं नसायचं.

एवढं असूनही आम्ही एकही रात्र चुकवली नाही. गुरुवारी पाणी बंद, भांडी तशीच, तरी साडेनऊला सगळे हजर. कारण एली साक्षीला उभी राहते तेव्हा ती ऑलिव्हिया कोलमन आहे हे आपण विसरतो. बचावाची वकीलबाई शॅरन बिशप तिला हसतमुखाने सोलते. बहिणीला पैसे का दिलेस? वरिष्ठाशी तुझं काय चाललं होतं? ज्या बाईचा संसार उद्ध्वस्त झाला, तिलाच पिंजऱ्यात आरोपी करून टाकते. कोलमन रडत नाही. फक्त तिची हनुवटी एकदा हलते. मी अप्पांकडे पाहिलं. आता हरकत येणार.

"चांगली उलटतपासणी आहे," अप्पा हळूच म्हणाले. "मीही अशाच केल्यात."

त्यानंतर बराच वेळ कोणी काही बोललं नाही. सीझनचं बळ मला त्या शांततेत सापडलं. कोर्टाची कार्यपद्धती शंभर ठिकाणी चुकलेली, पण कोर्ट माणसाचं काय करतं ते अचूक. मेलेल्या मुलाच्या बापाचं बाहेरचं लफडं चव्हाट्यावर येतं, एलीचा मुलगा ज्योच्या बाजूने साक्ष देतो, आणि ज्याने खून केला तो पिंजऱ्यात बसून सगळं निमूट ऐकत असतो. गावातला प्रत्येक जण एकेक करून उघडा पडतो, आरोपी सोडून.

आणखी एक. सरकारी बाजूची वकीलबाई जोसलिन नाइट, म्हणजे शार्लट रॅम्पलिंग. तिची दृष्टी चाललेली असते आणि ती कोणाला सांगत नाही. तिचं ते कागदांवर अडखळणं पाहताना अप्पांनी चष्मा काढला, पंच्याने पुसला, पुन्हा घातला. "मोतीबिंदूच्या वेळी मी वर्षभर ज्युनिअरकडून मोठ्या अक्षरात उतरवून घेत होतो," ते म्हणाले. "अशिलांना वाटायचं, साहेबांना पाठच आहे सगळं." सासूबाईंचे मटार हातातच राहिले. त्यांनाही हे ठाऊक नव्हतं, असं दिसलं.

शेवटचा भाग शनिवारी लागला. ज्युरी आत गेली. बारा माणसं. अप्पांना ज्युरी मुळातच नामंजूर. नौदल अधिकारी नानावटीच्या खून खटल्यात ज्युरीवाले आठ विरुद्ध एकने निर्दोष म्हणाले, मग हायकोर्टाने फिरवलं, आणि १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्युरीचं नावसुद्धा उरलं नाही, हे त्यांनी आम्हाला बाहेर येईपर्यंत ऐकवलं. ज्युरी बाहेर आली.

निर्दोष.

पुढे गाव त्या ज्योला आपल्या पद्धतीने हाकलतं, कड्यावर वारा सुटतो, संगीत वाजतं, सगळं होतं. बायको डोळे पुसत दिवे लावायला उठली. अप्पा जागचे हलले नाहीत.

रात्री पाऊण वाजता पाणी प्यायला उठलो, तर हॉलमध्ये दिवा. अप्पा जेवणाच्या टेबलाशी, नातवाच्या वहीतली पानं फाडून लिहीत बसलेले. वर ठळक अक्षरांत 'अपील मेमो', खाली मुद्दे. सातव्यापर्यंत पोचले होते.

"अप्पा, झोपायचं नाही?"

"निकाल टिकणारा नाही, जावईबापू. सरकारने अपिलात जायला हवं. नव्वद दिवसांची मुदत असते. पुढच्या सीझनमध्ये अपीलच आहे ना?"

"नाही. त्यात वेगळी केस आहे. आणि तिकडे ज्युरीने निर्दोष सोडलं की सरकारला असं अपील करता येत नाही."

त्यांनी पेन खाली ठेवलं. माझ्याकडे असं पाहिलं, जणू तो कायदा मीच केला.

"शिवाय अप्पा, हा निकाल २०१५ सालचा आहे. मुदत कधीच उलटून गेली."

अप्पा जरा विचारात पडले. मग वहीचं आणखी एक पान फाडून माझ्यापुढे सरकवलं.

"बसा. विलंबमाफीचा अर्ज तुम्ही लिहा. मी सांगतो."