एसचा फेरफार

राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झाली २००० साली. आमच्या खारपाण पट्ट्यातल्या गावात ती तेव्हाच पोचली, पण मुक्कामाला काही तयार नाही. विदर्भात शाळा उघडते जूनच्या अखेरीस. तोवर उन्हानं पोरांच्या डोक्यातलं मागच्या वर्षीचं सगळं वाळवून टाकलेलं असतं. मग पुन्हा चार रेघी वही, पुन्हा 'बी'चं पोट 'डी'कडे, वाक्याआधी कॅपिटल, वाक्यानंतर टिंब. 'ए' आणि 'द'बद्दल मी बोलतच नाही. मराठीत ही मंडळी नाहीतच, पोरांनी त्यांना का ओळख दाखवावी?

खरा छळ साध्या वर्तमानकाळाचा. साधा म्हणे!

तान्हा पोळा नुकताच झालेला. मागच्या बाकाखाली कुणाचा तरी लाकडी बैल फिरत होता, त्याचं एक चाक कुरकुरत होतं. म्हटलं, बैलच घेऊ. फळ्यावर लिहिलं, 'द बुलॉक ईट्स.' खाली, 'द बुलॉक्स ईट.'

कुरकुर थांबली.

"सर, खाली बैल किती?"

"बरेच."

"मंग खानारे वाढले अन् 'ईट'चा एस काऊन काढून घेतला?"

"कर्ता एक असला की क्रियापदाला एस लागतो."

"तुमीच तं सांगतलं, एकाहून जास्त असन तं एस लागते!"

दोन्ही मीच सांगितलं होतं आणि दोन्ही बरोबर होतं. इंग्रजी शिकवणाऱ्याची हीच तर पंचाईत.

पहिल्या बाकावरच्या पोरीनं हात वर केला. तिच्या घरी काकालोकांच्या वावराची वाटणी आणि सातबाऱ्यावरचं नाव बदलायचा फेरफार चालू आहे, त्यामुळे विषय तिच्या हातचा. "सर, एस एकच हाय अन् वारस दोन. बैलानं घेतला तं 'ईट'ले भेटत नाई. बैलानं सोडला का 'ईट'च्या नावावर चढते."

डीएडला असताना इतका स्वच्छ नियम मला कोणी सांगितला नव्हता. मी तोच वहीत उतरवून घ्यायला लावला.

पण मागचा बाक तयारच होता. "अन् 'आय ईट'? मी तं एकटाच हाय. माह्या वाट्याचा एस कोठी गेला?"

"'आय' मोठा मानूस हाय," पोरगी म्हणाली. "वाक्यात कोठीही राहो, कॅपिटलच राह्यते. त्याले कायले पाह्यजे एस?"

"बरं, 'चिल्ड्रन ईट'? तिथं तं कोनीच नाई घेतला."

"पडीक राह्यला."

मी घाईघाईनं प्रश्नार्थकाकडे वळलो. 'डज द बुलॉक ईट?' वर्ग फळ्याकडे बघत राहिला. बैल एकटा, तरी त्याच्यापाशी एस नाही आणि 'ईट'पाशीही नाही.

"'डज'नं नेला. त्याच्या शेपटाले पाहा ना सर!"

होता खरा. भर वर्गात चोरी पकडल्याचा जल्लोष झाला. शेजारच्या वर्गातल्या मॅडम दारात येऊन बघून गेल्या.

पुढच्याच आठवड्यात केंद्रप्रमुख भेटीला आले. 'ही गोज'वर बोट ठेवून त्यांनी नेमकं मागच्या बाकाला विचारलं, "इथं एस का आला?"

"फेरफार झाला सर."

साहेबांनी चष्मा काढला. पोराकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"किती दिवसांत झाला? आमचा दोन वर्षांपासून अडकून पडलाय."