केंब्रिजला रसायन शिकलेला अर्थमंत्री

अर्थमंत्री अर्थशास्त्रज्ञच हवा, हा वाद दर बजेटला इथे रंगतो. मला तेव्हा चिंतामणराव देशमुख आठवतात. महाडजवळच्या नाते गावचा हा माणूस केंब्रिजला वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूगर्भशास्त्र शिकला, आयसीएसला, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या सनदी सेवेच्या परीक्षेत, पहिला आला, १९४३ साली रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर झाला आणि १९५० मध्ये अर्थमंत्री.

आपल्याकडे मात्र त्यांची एकच गोष्ट चालते: मुंबई महाराष्ट्राला मिळावी म्हणून नेहरूंच्या तोंडावर राजीनामा फेकला. फेकलाबिकला काही नाही.

जानेवारी १९५६ बघा. १६ तारखेला नेहरूंनी आकाशवाणीवरून जाहीर केलं, मुंबई केंद्रशासित राहणार. शहर पेटलं, पोलिसांनी गोळ्या घातल्या. देशमुखांनी राजीनामा देऊ केला, नेहरूंनी थांबवून धरलं. आणि १९ तारखेला त्याच आकाशवाणीवर देशमुख बोलले ते कशावर? आयुर्विम्यावर! २४५ विमा कंपन्या आणि सोसायट्या एका वटहुकमाने सरकारकडे. तयारी कमालीची गुप्त. हे स्वतः कुलाब्याचे, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्याचे, खासदार, खाडीपलीकडे मुंबईत माणसं मरताहेत, आणि हे माइकसमोर पॉलिसीधारकांना धीर देताहेत. कुणी याला कोरडेपणा म्हणेल. मला तो हातातलं काम पुरं करूनच उठायचा आयसीएस खाक्या वाटतो.

शेवटी जुलैत ते बाहेर पडले. लोकसभेतल्या भाषणात महाराष्ट्राबद्दलच्या आकसाचा आरोप होता, गोळीबाराची न्यायालयीन चौकशी नाकारल्याचा संताप होता. पण मला खरा वजनदार वाटतो तो तिसरा मुद्दा: मुंबईचा निर्णय मंत्रिमंडळापुढे रीतसर आलाच नाही, पंतप्रधानांनी परस्पर जाहीर केला. हा आक्षेप एकट्या मुंबईपुरता नव्हता, तो कारभाराच्या पद्धतीवर होता. आपण अस्मितेच्या टाळ्या वाजवल्या आणि नेमका तोच विसरलो.

पुढे विद्यापीठ अनुदान आयोग, दिल्ली विद्यापीठाचं कुलगुरूपद, मेघदूताचा मराठी अनुवाद, सगळं झालं.

एक गोष्ट मात्र मला आजवर पटलेली नाही. इम्पीरियल बँकेची स्टेट बँक झाली आणि विमा सरकारकडे आला तो यांच्याच कारकिर्दीत. जुलै १९६९ मध्ये इंदिरा गांधींनी बँकांचं राष्ट्रीयीकरण केलं, आणि महिन्याभरात झालेल्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत हेच देशमुख त्या राष्ट्रीयीकरणाला विरोध करणाऱ्या स्वतंत्र पक्ष आणि जनसंघाचे उमेदवार! तिसरे आले. का उभे राहिले असतील? जाणकारांनी लिहा.