‘अवघड’ म्हणजे ‘मनाई’ नव्हे

ओपनस्ट्रीटमॅप या कुणालाही भर घालता येणाऱ्या ऑनलाइन नकाशावर पायवाटा नोंदवणाऱ्यांमध्ये एक सल्ला फार फिरतो: ‘वाट अरुंद, खडकाळ, तीव्र उताराची असेल तर सरळ बायसिकल=नो लावा. राउटर कुणाला तिकडे पाठवणार नाही, अपघात टळेल.’ (बायसिकल=नो हा टॅग, म्हणजे वाटेच्या नोंदीला जोडायची माहितीची चिठ्ठी; राउटर म्हणजे नकाशावरून रस्ता सुचवणारं सॉफ्टवेअर.) यामागची कळकळ खरी आहे, पण सल्ला चुकीचा आहे. त्याच्या बाजूने जे मुद्दे मांडले जातात, ते एकेक करून पाहू.

‘नो ही सावधगिरीची सूचना आहे.’ तशी ती नाही. बायसिकल=नो याचा अर्थ इतकाच, की इथे सायकल चालवायला कायद्याने किंवा जागेच्या मालकाने मनाई केली आहे. येस म्हणजे परवानगी आहे, वाट सोपी आहे असं नव्हे. परमिसिव्ह म्हणजे मालकाने आपणहून दिलेली आणि तो कधीही काढून घेऊ शकेल अशी मुभा, तर डिसमाउंट म्हणजे उतरून, सायकल हातात धरून चालायचं. हे सगळे टॅग हक्काबद्दल बोलतात. चाकाखाली वाळू आहे की मुळं, हे त्यातला एकही सांगत नाही.

‘इतक्या अरुंद वाटेवर सायकलला परवानगी असूच शकत नाही.’ हे वाटेकडे बघून ठरत नाही. जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याच्या वनकायद्यात दोन मीटरपेक्षा अरुंद वाटांवर सायकलला सर्वसाधारणपणे मनाई आहे, तिथे रुंदी मोजण्याला अर्थ आहे. तशीच वाट स्कॉटलंडमध्ये असेल, तर २००३ च्या जमीनसुधारणा कायद्याने जबाबदारीने सायकल चालवण्याचा हक्क मिळतो. इंग्लंड-वेल्समध्ये शेजारशेजारच्या, दिसायला सारख्या दोन वाटांपैकी ब्रिडलवेवर (घोडेस्वारांनाही खुली असलेली वाट) १९६८ च्या कायद्यापासून सायकलचा हक्क आहे, पब्लिक फुटपाथवर (फक्त पायी चालण्याची वाट) मात्र तो नाही. अमेरिकेत १९६४ च्या विल्डरनेस कायद्याखालच्या, म्हणजे नैसर्गिक स्थितीत राखलेल्या क्षेत्रात वाट कितीही रुंद आणि सपाट असली तरी सायकलला बंदीच. राष्ट्रीय वनांमधल्या अशा क्षेत्रात तर सायकल नुसती जवळ बाळगणंही नियमाविरुद्ध आहे, म्हणजे ढकलत नेण्याचाही प्रश्न मिटला.

‘नो लावलं नाही तर राउटर नवख्याला कड्याच्या काठावर नेईल.’ हा मुद्दा गंभीर आहे आणि तसा धोका आहेच. पण तो येतो कुठून? ‘इथे वाट आहे’ एवढंच सांगणारा हायवे=पाथ हा एकच टॅग बागेतल्या गुळगुळीत रस्त्यालाही लागतो आणि डोंगरातल्या पायरीपायरीच्या वाटेलाही. बाकी काही लिहिलेलं नसेल, तर बरेच राउटर पाथ सायकलला खुला धरतात. गाळलेली माहिती भरणं, हाच त्यावरचा उपाय. सरफेस (पृष्ठभाग) लिहा, इन्क्लाइन (चढ-उतार) लिहा. स्मूदनेसच्या, म्हणजे वाट चाकांना किती सोयीची याच्या, श्रेणी एक्सलंटपासून इम्पासेबलपर्यंत जातात, आणि इम्पासेबल म्हणजे चाकाचं कुठलंच वाहन जाणार नाही. डोंगरी सायकलसाठी वाट किती अवघड हे सांगणारं एमटीबी:स्केल ० ते ६ असतं: शून्यावर जवळपास कुणीही जाईल, सहावर सराईत डोंगरी सायकलस्वारही सहसा जाणार नाही. चढासाठी एमटीबी:स्केल:अपहिल वेगळं आहे, कारण जी वाट उतरता येते ती चढता येईलच असं नाही. ग्राफहॉपर, बीराउटर यांसारखे राउटर ही श्रेणी वाचू शकतात. सामान घेऊन निघालेल्या प्रवाशाला ते त्या वाटेपासून दूर ठेवू शकतात आणि कसलेल्याला तीच वाट दाखवू शकतात. नो लावला की दोघांसाठीही दार बंद. एखादा राउटर ही माहिती वाचत नसेल, तर दुरुस्ती त्या राउटरमध्ये व्हायला हवी. त्याच्या उणिवेपायी नकाशात खोटी मनाई लिहायची नाही.

‘चुकलं तर नंतर कुणीही काढेल.’ इथेच खरं नुकसान होतं. पुढच्या नोंदकाला नो दिसतो, पण त्यामागे फलक होता की कुणाची भीती, हे कळायला मार्ग नसतो. जबाबदार माणूस मनाईचा टॅग घरबसल्या काढत नाही, आणि नो बघून सायकलवाले तिकडे फिरकत नाहीत, त्यामुळे ती चूक कुणाच्या नजरेला पडत नाही. उलट, दोन-तीन ठिकाणी खोटा नो सापडलेला माणूस पुढच्या प्रत्येक नोकडे ‘लांडगा आला रे आला’ म्हणून दुर्लक्ष करायला लागतो. मग जिथे वन्यजीवांसाठी किंवा धूप थांबवण्यासाठी मनाई आहे, तिथेही तो घुसतो.

बंद वाट नकाशातून पुसण्याचा उपायही याच जातीचा. वाट जमिनीवर शिल्लक असेल तर उपग्रहचित्र बघून दुसरा कुणीतरी ती पुन्हा काढेल, आणि या वेळी मनाईचा उल्लेखही नसेल. ती राहू द्यावी आणि मनाई नोंदवावी. बंदी ठरावीक महिन्यांपुरती असेल तर बायसिकल:कंडिशनल आहे.

तेव्हा नो लावण्याआधी फलक वाचा किंवा नियम शोधा, आणि चेंजसेटच्या (एका वेळी जतन केलेल्या बदलांच्या) टिपणीत तो कुठे दिसला ते लिहा. टायरचे ठसे दिसले म्हणून येस लावू नका, ठसे परवानगी सिद्ध करत नाहीत. काहीच कळलं नाही तर बायसिकलचा रकाना रिकामा ठेवा आणि डोळ्यांनी पाहिलेलं तेवढं लिहा: पृष्ठभाग, रुंदी, चढ.