‘आमच्याकडे लपवण्यासारखं काय आहे?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

(निवृत्त बँक अधिकारी, वय सत्तरीच्या पुढे, असं तुम्हीच लिहिलंय, म्हणून काका म्हणते.)

खासगी कागदपत्रं गूगल ड्राइव्हवर टाकायच्या आधी क्रिप्टोमेटर नावाच्या सॉफ्टवेअरने एन्क्रिप्ट करून (म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाहीत अशी करून) घ्या, असं मी मागच्या लेखात सुचवलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं: गूगल आधीच सगळं एन्क्रिप्ट करतं, मग हा उपद्व्याप कशाला? सरळमार्गी माणसाकडे लपवण्यासारखं काय असतं? पीडीएफला पासवर्ड असतो, तो पुरत नाही का? आणि उद्या मी गेलो तर बायकोने आणि मुलीने त्या बंद फाईलींसमोर कपाळाला हात लावून बसायचं का? हा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तिथे सावकाश येते, आधीचे जरा भराभर घेते.

तुम्ही बँकेत लॉकर हाताळलेत. एक किल्ली बँकेची, एक ग्राहकाची, दोन्ही लागल्याशिवाय लॉकर उघडत नाही. ड्राइव्हवर फाईल एन्क्रिप्टेड असते हे खरंच आहे, पाठवतानाही आणि गूगलच्या डिस्कवरही. पण किल्ल्या दोन्ही गूगलकडेच असतात. तुमच्या पासवर्डने फक्त ओळख पटते, फाईल उलगडून देतं गूगल. त्यामुळे खात्यात जो शिरला त्याला सगळं वाचता येतं. 19 जून 2011 ला ड्राइव्हसारख्याच ड्रॉपबॉक्स या सेवेतल्या एका बिघाडामुळे सुमारे चार तास कुठलाही पासवर्ड टाकून कुणाच्याही खात्यात जाता येत होतं. फाईली तेव्हाही डिस्कवर एन्क्रिप्टेडच होत्या. त्याचा त्या चार तासांत काही उपयोग नव्हता, कारण उघडून देणारी यंत्रणाच प्रत्येकाला आत घेत होती.

किल्ली कंपनीकडे असली की कंपनीलाही फाईल बघता येते. सॅन फ्रान्सिस्कोमधल्या एका वडिलांनी 2021 मध्ये आपल्या लहान मुलाच्या दुखण्याचे फोटो डॉक्टरांना दाखवण्यासाठी काढले. फोनने ते आपोआप गूगलवर चढवले, तिथल्या तपासणीत ते आक्षेपार्ह ठरले आणि त्यांचं खातं बंद झालं. पोलिसांनी चौकशी करून गुन्हा नसल्याचं सांगितलं, तरी खातं परत मिळालं नाही. न्यूयॉर्क टाइम्सने 2022 मध्ये ही हकीकत छापली. लहान मुलांचं शोषण शोधून काढायलाच हवं, त्याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. पण त्या माणसाचे मेल, संपर्क, मुलाचे फोटो सगळं एका फटक्यात गेलं. म्हणून माझा आग्रह दोन गोष्टींचा आहे: वर चढवण्याआधी एन्क्रिप्शन, आणि एक प्रत घरच्या हार्ड डिस्कवर.

आता लपवण्यासारखं काय असतं ते. मुदत ठेवींची यादी, कुठली कधी संपते, नॉमिनी कोण. सही केलेली पॅनची प्रत. अँजिओग्राफीचा रिपोर्ट. मृत्युपत्राचा मसुदा, ज्यात कुणाला काय द्यायचं हे मुलांनाही अजून सांगितलेलं नाही. यात लाजण्यासारखं काही नाही, पण हे चौकात लावायचे कागदही नव्हेत. ‘डिजिटल अरेस्ट’चे फोन वयस्कर माणसांना कसे येतात हे तुम्ही वाचत असालच. फोन करणाऱ्याला तुमच्या ठेवीची तारीख आणि मुलीचं नाव आधीच माहीत असेल, तर तो बँकेतून किंवा पोलीस ठाण्यातून बोलतोय यावर विश्वास बसायला वेळ लागत नाही. आपण झेरॉक्सवाल्याच्या व्हॉट्सॲपवर आधार पाठवतो, प्रिंट घेतो, दहा रुपये देतो आणि निघतो. ती फाईल त्याच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर किती महिने पडून राहते?

पीडीएफच्या पासवर्डबद्दल. डाउनलोड केलेल्या ई-आधारचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल. ई-पॅनचा म्हणजे जन्मतारीख. शंभर वर्षांच्या सगळ्या तारखा मोजल्या तरी साडेछत्तीस हजारांच्या आसपास होतात. कॉम्प्युटरला त्या एकामागून एक लावून बघायला फार वेळ लागत नाही, आणि ज्याच्याकडे तुमची फेसबुकवरची वाढदिवसाची पोस्ट आहे त्याला तेवढेही कष्ट नकोत.

डिजीलॉकरचाही तुम्ही उल्लेख केलाय. तो जरूर वापरा. आधार, लायसन्स, गुणपत्रिका ही सरकारनेच दिलेली कागदपत्रं आहेत, 2016 च्या नियमांप्रमाणे तिथली प्रत मूळ कागदाच्या बरोबरीने चालते, आणि सरकारपासून ती लपवायचा प्रश्नच येत नाही. मृत्युपत्राचा मसुदा मात्र मी तिथे ठेवणार नाही. काही कंपन्या स्वतःच किल्ली ग्राहकाच्या हातात देतात. ॲपलने डिसेंबर 2022 मध्ये आयक्लाउडसाठी तशी सोय सुरू केली, आणि फेब्रुवारी 2025 मध्ये सरकारच्या दबावामुळे ब्रिटनमध्ये ती नव्याने चालू करणं थांबवलं. दिलेली सोय कंपनी काढूनही घेऊ शकते, म्हणून कुलूप आपण आपल्या कॉम्प्युटरवर लावलेलं मला बरं वाटतं. (आपल्याकडे हे बेकायदा नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 69 खाली सरकार रीतसर आदेश देऊन फाईल उघडून मागू शकतं, आणि तेव्हा नकार दिला तर शिक्षा आहे.)

आता तुमचा खरा प्रश्न.

तुमची भीती अगदी रास्त आहे. क्रिप्टोमेटरमध्ये ‘पासवर्ड विसरलात?’ म्हणून मेल पाठवणारं कुणी नाही. ड्राइव्हच्या वेबसाइटवर बघितलं तर ‘डी’ नावाचं फोल्डर, आत दोन-दोन अक्षरांची फोल्डरं, आणि त्यात वाचता न येणाऱ्या लांबलचक नावांच्या फाईली दिसतात. फाईली किती, केवढ्या आणि कधी बदलल्या एवढंच बाहेरून कळतं. काकू तिथपर्यंत पोचल्या तरी कागदावर किल्ली नसेल तर पॉलिसी नंबर कधीच मिळणार नाही.

म्हणून किल्ली कागदावर हवीच. पेटी (म्हणजे एन्क्रिप्ट केलेल्या फाईलींचं फोल्डर) तयार करताना क्रिप्टोमेटर रिकव्हरी की हवी का विचारतं, तिथे हो म्हणा. इंग्रजी शब्दांची एक लांब ओळ मिळते. पासवर्ड विसरला तर तिच्या आधारे नवा लावता येतो. ती छापून घ्या, सोबत गूगल खात्याचं नाव आणि ‘हे सॉफ्टवेअर उतरवा, हे फोल्डर उघडा’ अशा चार ओळी साध्या मराठीत लिहा. एक प्रत घरी पॉलिसीच्या फायलीत, एक मुलीकडे. फक्त बँकेच्या लॉकरमध्ये ठेवू नका. खातेदार गेल्यावर लॉकर उघडायला किती कागद आणि किती खेपा लागतात, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. कागद चोराच्या हाती लागला तर? त्याला तुमच्या खात्यातल्या फाईलीही हाती लागायला हव्यात. घरफोडी करणारा सोनं शोधतो.

मग एका रविवारी काकूंना त्यांच्याच लॅपटॉपवर, तुम्ही शेजारी न बसता, तो कागद घेऊन पेटी उघडायला सांगा. आईकडून मी हे करून घेतलं तेव्हा हाताने लिहिलेल्या पासवर्डमधला इंग्रजी एल आणि आकडा एक तिला सारखेच दिसले. तेव्हापासून मी सुटी अक्षरं सोडून शब्दांचे पासवर्ड लावते आणि छापूनच ठेवते. गूगलमध्ये ‘इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ आहे, तेही भरून ठेवा. खातं तीन, सहा, बारा किंवा अठरा महिने वापरलं गेलं नाही, तर तुम्ही नेमलेल्या माणसाला त्यातल्या फाईली उतरवून घेता येतात. फाईली बंदच असतील, पण मुलीकडे कागद आहे.

सगळंच पेटीत कोंबू नका. लग्नाचे फोटो, भजनांच्या फाईली, सोसायटीची परिपत्रकं उघडी राहू द्या. आणि जे आत टाकाल त्याची बाहेरची प्रत पुसा: गॅलरीतला फोटो, व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवलेली पीडीएफ. ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये फाईल 30 दिवस राहते, गूगल फोटोजच्या ट्रॅशमध्ये बॅकअप घेतलेला फोटो 60 दिवस. तिथूनही काढा.

राहिला पासवर्ड. 2022 मध्ये लास्टपास या पासवर्ड साठवून ठेवणाऱ्या सेवेतून ग्राहकांच्या एन्क्रिप्टेड तिजोऱ्यांच्या प्रती चोरीला गेल्या, तेव्हा ज्यांचा मुख्य पासवर्ड दुबळा होता त्यांनाच जास्त धोका होता. सापशिडीचा फासा पाच वेळा टाकून 7776 शब्दांच्या यादीतून एक शब्द निवडायची जुनी पद्धत आहे. असे सहा शब्द घेतले तर शक्यतांची संख्या 24 आकडी होते.

‘मराठीत, देवनागरीत ठेवला तर कुणाच्या बापाला कळणार?’ असं तुम्ही विचारलंय. शब्द मराठी घ्या, लिपी मात्र रोमन ठेवा. ‘दऱ्या’ हा शब्द एका कीबोर्डवर खालच्या टिंबाच्या ‘ऱ’ने टाइप होतो आणि दुसऱ्यावर साधा ‘र’, हलन्त आणि एका अदृश्य जोडचिन्हाने. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, कॉम्प्युटरला ते वेगळे असतात. तुमच्या फोनवर चाललेला पासवर्ड मुलीच्या लॅपटॉपवर चुकीचा ठरेल आणि का ते तिला कळणार नाही. ‘पाऊस’ला इंग्रजीत ए एक की दोन, ते एकदा ठरवा आणि कागदावर तसंच्या तसं छापा.