मॅचिंग नंबर्स म्हणे!

परत तेच! जुनी जॅग्वार ई-टाईप गाडी विकायला निघाली की 'मॅचिंग नंबर्स (म्हणजे इंजिनासकट सगळे नंबर कारखान्यातून निघताना होते तेच), एकदम ओरिजिनल', भाव आभाळाला, आणि बॉनेट उघडून बघावं तर इंजिन ब्लॉकवर एक नंबर अन् त्यावरच्या सिलिंडर हेडवर भलताच, कारखान्याच्या नंबरांच्या ओळख-प्लेटचे रिव्हेट कालच ठोकल्यासारखे चकचकीत. अहो, गंजलेला पत्रा बदललात त्याचा राग नाही, बदलायलाच हवा, पण तसं सांगा ना! वर तोंड करून बेंटलीच्या 'ओल्ड नंबर वन' या जुन्या रेसिंग गाडीचा दाखला देतात, बरेच भाग बदललेले असूनही १९९० साली लंडनच्या कोर्टाने ती खरी मानली म्हणून. अरे पण १९२९ आणि १९३० ची ल मां शर्यत जिंकलेली ती गाडी टप्प्याटप्प्याने बदलत गेली, तिचा इतिहास कुठे तुटलाच नाही! तुमच्याकडे काय आहे, नुसती प्लेट? जुन्या पावत्या, फोटो दाखवा, मग बोलू किमतीचं.